‘भिंती नसताना पैसे कसले घेतले?’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एकच तारा दिलात. त्यातला सोफ्याचा राग आम्हाला मान्य आहे. बाकीचं मान्य नाही. ते का नाही, हे सविस्तर लिहितो, कारण तळेगावात रो-हाऊस बांधून विकणारे तुमच्यासारखे आणखीही लोक हे वाचतील.

तुमचं म्हणणं असं: बांधकाम अर्धवट असताना मार्चमध्येच आम्ही स्टेजिंगच्या (विकायचं घर भाड्याच्या फर्निचरने सजवून गिऱ्हाइकांना दाखवण्याच्या) आखणीचे पैसे घेतले. ऐन दसऱ्याला वरच्या मजल्याचा सोफा जिन्यातून चढला नाही. आणि आम्ही मांडलेल्या बेडमुळे बेडरूम लहान दिसते.

सोफ्याची चूक सरळसरळ आमची. नकाशात जिना ३ फुटांचा होता आणि आम्ही तेच माप धरून बसलो. रेलिंग पायऱ्यांच्या बाहेरून न लावता पायऱ्यांवर बसवलं गेलं आणि वळणावर वाट अडीच फुटांवर आली. हा बदल आम्हाला कुणी कळवला नाही हे खरं, पण फर्निचर पाठवण्याआधी टेप घेऊन एकदा जाऊन येणं हे आमचं काम होतं. बाल्कनीतून दोरांनी ओढून घ्यावा म्हटलं तर पुढे परांची अजून तशीच. टेंपोच्या दोन्ही फेऱ्या, हमाली आणि त्या सोफ्याचं भाडं परत करत आहोत. सणाच्या दिवशी गिऱ्हाइकं घर बघायला आलेली असताना वरची फॅमिली रूम रिकामी राहिली, त्याची भरपाई पैशांत होत नाही. त्याबद्दल माफी मागतो.

आता मार्चचं. त्या वेळी विटांचं काम चालू होतं आणि इलेक्ट्रिशियनने वायरींसाठी भिंतीत झिऱ्या मारायला सुरुवात केली नव्हती. आम्हाला हवी असते ती नेमकी हीच वेळ. आठवत असेल, आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीने कोब्यावर खडूने बेड, कपाट, डायनिंग टेबल आखून दाखवलं होतं. तेव्हा दिसलं की बेडच्या दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीच्या फळीमागे जाणार होते, एसीचा पॉइंट कपाटाच्या वर येत होता आणि बेडरूमचं दार उघडलं की कपाटावर आपटणार होतं. तिन्ही गोष्टी तिथल्या तिथे बदलल्या, खर्च जवळजवळ शून्य. गिलावा आणि पुट्टी झाल्यावर हेच करायचं म्हणजे भिंत फोडा, परत भरा, परत रंग द्या. आखणीचे पैसे त्या दुपारचे होते आणि ते परत करणार नाही. तयार घरात सोफे मांडून पडदे लावणं हा आमच्या कामातला त्यामानाने सोपा भाग.

फर्निचर पडून राहिलं त्या गोदामाच्या वाढीव भाड्याबद्दलही तुम्ही लिहिलंय. ताबा ऑगस्टच्या मध्यावरून सप्टेंबरअखेरीस गेला. २०२५ मध्ये पाऊस २६ मे लाच पुण्यात पोचला, गिलावा सुकेना, पुट्टी धरेना, यात तुमचाही दोष नाही. पण ओल्या भिंतीला टेकवून फर्निचर ठेवलं असतं तर पाठीला बुरशी आणि भिंतीला पोपडे. शिवाय पितृपक्षात घर बघायला येतं कोण? थांबलो ते बरंच झालं. भाडं करारात लिहिल्याप्रमाणेच लावलंय.

बेडचा मुद्दा मात्र मला मनापासून बोलायचा आहे. खोली नकाशात १० बाय १२. हे माप विटेपासून विटेपर्यंतचं असतं, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच गिलावा धरला की एक इंच तिथेच गेला. कपाट २ फूट खोल, क्वीन साइझ बेड साडेसहा फूट लांब. उरते दीड फुटाची वाट, तीही पुरती नाही. म्हणूनच कपाटाला सरकती दारं सुचवली होती. तुम्ही फोनवर म्हणालात, दुसरीकडे सॅम्पल फ्लॅट केवढे मोठे दिसतात! दिसतात, कारण काही ठिकाणी बेड मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो आणि कपाटाला दारंच नसतात. ही युक्ती आम्हालाही येते. आम्ही करत नाही. उद्या ज्याचा ६ फुटी मुलगा त्या खोलीत झोपणार आहे तो शिव्या तुम्हालाच देईल. आणि रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीच्या जोडीला नमुना सदनिकेचंही (म्हणजे सॅम्पल फ्लॅटचं) नाव आहे: त्यातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याचं नुकसान झालं, तर भरपाई प्रवर्तकाला (बिल्डरला) द्यावी लागते. म्हणजे तुम्हाला, आम्हाला नव्हे.

खोली मोकळी वाटायला हवी असेल तर खिडकीसमोरची खुर्ची काढू आणि गडद पडद्यांच्या जागी पांढरे लावू. बेड पूर्ण मापाचाच राहील.

फॅमिली रूमसाठी टू-सीटर सोफा आणि दोन वेताच्या खुर्च्या येत्या शनिवारी सकाळी पाठवतोय, दिवाळीपर्यंत त्यांचं भाडं नाही. यावेळी जिना गुरुवारीच मोजून आलोय. फक्त वळणावर ठेवलेली टाइल्सची खोकी तेवढी हलवून घ्या.