वावर मक्त्यानं चालते, हिशेब नाही

मृगाच्या तोंडावरची गोष्ट आहे. बटईवाल्यासोबत वर्षाचा हिशेब मिटवायचा होता, बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं लॅपटॉपवर टाकून ठेवलेलं, तो बिचारा ओसरीत येऊन बसला आणि पोट्टी आतून म्हणते, "बाबा, हे दिसून तं राह्यलं पण एंट्रीच नाही होऊन राह्यली, प्रिंटही नाही निघून राह्यली." हिशेबाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी, म्हणजे सबस्क्रिप्शन, त्याचे महिन्याचे २९९ रुपये खात्यातून कटलेच नव्हते, कारण खात्यात होतेच कुठे, सगळे बियाण्यात गेलेले. कंपनीचं नाव घेत नाही. पण आकडे माझे, घाम माझा आणि कुलूप त्यांचं, हे मला तेव्हापासून डाचून राहिलं आहे.

तसा ऑटो-डेबिटच्या २४ तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. पण पेरणीच्या घाईत वावरात कोण मेसेज वाचते? आणि वाचून तरी पैसे कुठून आणायचे. पगारदाराच्या घरी दर एक तारखेला पैसा येते, आपल्या घरी कापूस विकला तं येते, सोयाबीन विकलं तं येते, मधले सहा-सात महिने उधारीवर. २९९ लहान वाटते, वर्षाचे ३,५८८ होतात, पाच वर्षांचे १७,९४०, आणि सहाव्या वर्षी हातात काय? मक्त्याच्या वावराचंही तसंच, पण तिथं निदान पीक तरी आपलं असते ना.

सगळंच सबस्क्रिप्शन वाईट असं मी म्हणत नाही. अँटीव्हायरसला रोज नवी माहिती लागते, क्लाउडवर फोटो ठेवले तं त्यांची मशीन आपल्यासाठी रात्रंदिवस चालू राहते, त्याचे वर्षाला पैसे द्यायला माझी ना नाही. पण अडोबी कंपनीनं २०१३ साली क्रिएटिव्ह सूट या फोटो-डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या थांबवून सगळं वर्गणीवर नेलं आणि मग घरोघरच्या साध्या कामाच्या सॉफ्टवेअरलाही तीच हवा लागली, ते मला पटत नाही.

एकदाच घेतलेलं जन्मभर पुरते असंही नाही बरं का. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्ही एकदाच पैसे देऊन मिळायचे, १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले. तो धोका आहेच. तरी फाईल उघडते, टाईप होते, प्रिंट निघते! मला फरक इथंच दिसते.

पोट्टीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आता लिब्रेऑफिस टाकलं, वर्ड-एक्सेलसारखंच सॉफ्टवेअर, फुकट आहे, नेट नसलं तरी चालते, युनिकोड मराठी नीट लिहिता येते. दुसऱ्याची वर्डची फाईल उघडली की कधी कधी टेबल इकडचं तिकडं होते, तेवढं हातानं सरळ करून घेते ती. बटईवाल्याचा हिशेब मात्र त्या दिवशी स्क्रीनवर पाहून पाहून वहीत उतरवला, दिवे लागणीपर्यंत बसलो आम्ही दोघं.

कोणाच्या पाहण्यात एकदाच पैसे भरायचं, मराठीत चालणारं आणि डेटा आपल्याच लॅपटॉपवर ठेवणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तं खाली सांगा भाऊ, कापूस विकला की घेतो.