थायलंडला शिफ्ट व्हायच्या त्या व्हायरल मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

गेले काही महिने एक मेसेज फॅमिली ग्रुपपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की थायलंडला आता व्हिसा लागत नाही, दर दोन महिन्यांनी बॉर्डरवर जाऊन शिक्का मारून आणला की कितीही वर्षं राहता येतं, पोचल्यावर नोकरी सहज मिळते, चाळीस हजार रुपयात दोघांचं मजेत भागतं, जमीन-घर स्वतःच्या नावावर होतं आणि टॅक्स शून्य. मी बँकॉकला राहतो, नोकरी इथेच करतो, आणि हा मेसेज वाचून खरंच सामान बांधायला निघालेली लोकं मला फोन करतात म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

"व्हिसा लागत नाही" हे अर्धं खरं आहे. जुलै 2024 मधे थायलंडने भारतासकट 93 देशांच्या लोकांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहायची सवलत दिली, पण ती मुख्यतः फिरायला येणाऱ्यांसाठी, आणि सरकार अशी सवलत कधीही कमी-जास्त करू शकतं, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी मुंबईच्या थाई कॉन्सुलेटच्या साइटवर ताजा नियम बघायचाच. मे 2025 पासून येण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते पूर्ण फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती लगेच बंद करा. आणि एअरपोर्टवरचा शिक्का म्हणजे देशात यायची परवानगी, स्थायिक व्हायची नाही.

मग येतो बॉर्डरवर शिक्का मारून आणायचा मुद्दा. असं करणारी लोकं पूर्वी होती हे खरंय. पण इमिग्रेशनच्या ऑफिसरला कॉम्प्युटरवर तुमच्या सगळ्या एंट्री दिसतात, आणि हा माणूस टुरिस्ट म्हणून येऊन इथेच राहतोय असं त्याला वाटलं तर तो आत घ्यायला नकार देऊ शकतो, मग तुमची खोली, सामान, डिपॉझिट सगळं आत आणि तुम्ही बाहेर. त्यात कंबोडियाकडचे रस्ते 2025 च्या सीमावादात बंद झाले, म्हणजे हा सगळा प्लॅन दुसऱ्या देशांच्या भांडणावर अवलंबून. मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला 500 बाट (बाट म्हणजे इथलं चलन) दंड, कमाल 20 हजार, पण दंडापेक्षा बंदी वाईट. 90 दिवसांच्या वर राहून स्वतःहून निघालात तरी एक वर्ष परत येता येत नाही, आणि पोलिसांनी पकडलं तर बंदी निदान पाच वर्षांची.

राहायचंच असेल तर सरळ मार्ग आहेत की! भारतातल्या किंवा बाहेरच्या कंपनीसाठी लॅपटॉपवर काम करत असाल तर 2024 ला सुरू झालेला डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा बघा, पाच वर्षांचा आहे, एका एंट्रीला 180 दिवस मिळतात, पाच लाख बाट खात्यात दाखवावे लागतात आणि अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करावा लागतो. वय 50 च्या वर असेल तर रिटायरमेंटचा मार्ग आहे, त्यात थाई बँकेत आठ लाख बाट किंवा महिन्याला 65 हजार बाट उत्पन्न दाखवायचं. एक बाट सध्या अडीच रुपयांच्या वर आहे, गणित तुम्हीच करा.

आता ज्या ओळीमुळे मी मुळात हे लिहायला बसलो ती, "पोचल्यावर नोकरी मिळते". नाही मिळत हो. इथे परदेशी माणूस ठेवायचा तर कंपनीला साधारणपणे एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी आणि 20 लाख बाट भांडवल दाखवावं लागतं, म्हणजे तुम्हाला घ्यायचं तर तसं कारण लागतं. आधी कंपनीचे कागद, त्यावर नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, मग वर्क परमिट, असा क्रम आहे. परमिटशिवाय काम करताना सापडलात तर 5 हजार ते 50 हजार बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी. आणि काही कामं परदेशी माणसाला बंदच आहेत, त्यात टुरिस्ट गाईड आहे, केस कापणं आहे, थाई मसाज आहे. "आपल्या पुण्या-नाशिकच्या ग्रुपांना मीच बँकॉक फिरवेन" असं ठरवून येणाऱ्या मुलांनी हे नीट वाचा, कारण हेच काम करताना लोकं पकडली जातात.

पण यापेक्षाही वाईट गोष्ट आहे. "थायलंडमधे डेटा एंट्री, महिना एक लाख, राहणं-खाणं फ्री, इंटरव्ह्यू फक्त टेलिग्रामवर" अशी जाहिरात आली की समजा हे थायलंड नाहीच. मुलगा बँकॉकला उतरतो, एअरपोर्टवर गाडी येते, त्याला वाटतं ऑफिस जवळच असेल आणि गाडी तासन्‌तास चालत राहते, पश्चिमेला म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोत गावापर्यंत. तिथे मोएई नदी आहे, छोटीशी, पलीकडे म्यावाडी, आणि तिकडे ते ऑनलाइन फ्रॉडचे अड्डे. पासपोर्ट काढून घेतात, लोकांना फसवायचं काम करून घेतात, टार्गेट झालं नाही तर मारहाण. मार्च 2025 मधे आपल्या सरकारला एअर फोर्सची विमानं माए सोतला पाठवून दोन खेपांत 549 भारतीय परत आणावे लागले. बहुतेक सगळे अशाच नोकरीच्या आमिषाने गेलेले, आणि ही कुणाच्या तरी घरातलीच मुलं आहेत.

म्हणून कुठल्याही एजंटला पैसे द्यायच्या आधी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं रजिस्ट्रेशन बघा. नोंदणीकृत एजंट 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेऊ शकत नाही, दोन-तीन लाख मागत असेल तर तिथेच थांबा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा शेरा, आणि नोकरीसाठी जाताना ज्या देशांना ही परवानगी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागते त्यांच्या यादीत थायलंड आहे. एजंट म्हणाला "टुरिस्ट म्हणून जा, तिकडे बदलून घेऊ" तर तो तुम्हाला नेमकी हीच तपासणी चुकवायला सांगतोय, त्याच्या नादी लागू नका.

खर्चाचं बोलू. चाळीस हजार रुपये म्हणजे पंधरा हजार बाटच्या आसपास. बँकॉकमधे ऑन नुत, बांग ना अशा भागात स्टेशनजवळची एक बरी खोली आठ ते पंधरा हजार बाट खाते, आणि सुरुवातीला दोन महिन्यांचं डिपॉझिट अधिक एक महिन्याचं ॲडव्हान्स एकदम द्यावं लागतं. मग विजेचं बिल. सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास असताना बरेच मालक स्वतःचा मीटर लावून सात-आठ बाट घेतात, करारात ती ओळ बारीक अक्षरात असते आणि कोणी वाचत नाही. एप्रिलमधे रात्रभर एसी चालला, 250 युनिट पडले, की आठच्या दराने 2000 बाट, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर फक्त विजेला. सही करायच्या आधी दर विचारा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा. पाणी मात्र स्वस्त, बिल्डिंगखालच्या मशीनमधे बाटभर टाकला की लिटरभर मिळतं. शाकाहारी असाल तर भाज्यांच्या डिशमधेही फिश सॉस असतो, पिवळा झेंडा लावलेली "जे" दुकानं शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो. तूरडाळ, पोहे, मसाले पाहुरातला, म्हणजे बँकॉकच्या भारतीय बाजारात मिळतात, पण अनेक एका खोलीच्या स्टुडिओ फ्लॅटमधे किचनच नसतं त्यामुळे इंडक्शन चालेल का हे आधीच विचारून घ्या. दोघांचं पंधरा हजारात भागणं फार कठीण, भागलंच तर ते काटकसरीने राहणं झालं, मजेत नाही. आणि मुलं असतील तर इंटरनॅशनल शाळेची वर्षाची फी लाखो बाटमधे, हे त्या मेसेजमधे कुठेच नाही.

उत्तरेकडचं चियांग माई शहर स्वस्त आहे, छान आहे, मान्य. पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर दरीत साठतो, दम्याचा त्रास असलेल्या आई-बाबांना त्या दिवसांत तिकडे आणू नका.

"जमीन नावावर होते" हे साफ खोटं. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही. कॉन्डो, म्हणजे बिल्डिंगमधला फ्लॅट घेता येतो, तोही बिल्डिंगच्या एकूण क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, आणि पैसे बाहेरून परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद लागतो. जमीन फक्त लीजवर, जास्तीत जास्त 30 वर्षं. थाई ओळखीच्याच्या नावावर घेऊन टाकू असं सुचवणारे ब्रोकर भेटतील, ते बेकायदेशीर आहे आणि उद्या ती व्यक्ती फिरली तर तुमच्या हातात काही राहत नाही.

आणि टॅक्स शून्य म्हणणाऱ्याला विचारा 180 दिवसांचा नियम माहितीये का. कॅलेंडर वर्षात तेवढे दिवस इथे राहिलात की तुम्ही टॅक्स रेसिडेंट, आणि जानेवारी 2024 पासून बाहेर कमावलेलं उत्पन्न थायलंडमधे आणलं तर ते इथल्या टॅक्समधे धरलं जातं. भारत-थायलंड करार आहे म्हणून दोनदा भरायची वेळ बहुधा येत नाही, पण रिटर्न आणि कागद लागतात. तिकडे भारतात बँकेला एनआरआय झाल्याचं कळवून सेव्हिंग अकाउंट एनआरओ (एनआरआय लोकांचं भारतातलं खातं) करून घ्यावं लागतं, आणि त्याआधी, भारतात रेसिडेंट असताना स्वतःचे पैसे इकडे पाठवले तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला टॅक्स कापला जातो, तो रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला जातो. हे निघायच्या आधी सीएसोबत बसून करा, इथून फोनवर करायला फार त्रास होतो.