तिसरी पिन कापायला सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात अकोल्याहून ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "कूलरला करंट लागत होता ना, तो गेला बघ. ह्यांनी प्लगची ती मोठी पिन कापून टाकली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं."

मी बावीस वर्षं वायरमनचं काम करतो. घरातल्या माणसाला एक फोन करावासा वाटला नाही आणि कुठल्याशा 'अनुभवी इलेक्ट्रिशियन'चा मेसेज वाचून पक्कड हातात घेतली, ह्याचा मला राग आला. तो मेसेज मी मागवून घेतला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आधीच दोनदा येऊन गेला होता, मीच उघडला नव्हता.

त्याचा मजकूर थोडक्यात असा. कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीनला हलका करंट लागत असेल तर घाबरू नका, उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून ती स्टॅटिक वीज असते. हलक्या करंटने काही होत नाही. तरी त्रास वाटत असेल तर प्लगची मोठी पिन काढा, कारण करंट तिच्यातूनच बॉडीवर येतो. घरात अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ (जमिनीत उतरणारी तार) एका तारेने जोडा. एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारं बोर्डावरचं बटण) असेल तर आरसीसीबीवर (करंट गळला की मेन तोडणाऱ्या बटणावर) पैसे घालवू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओता. आणि टेस्टर लावून बघा, पेटला नाही तर निश्चिंत राहा.

स्टॅटिकचं लगेच निकालात काढतो. कोरड्या हवेत स्टॅटिक होते, हे खरं. थंडीत लोकरी ब्लँकेट काढताना चटचट आवाज येतो तीच ती. पण ती एकदा चटका देते आणि संपते, लगेच पुन्हा हात लावला तर काही नसतं. कूलरच्या पत्र्यावर बोट हळूच फिरवलं आणि बोट आहे तोवर पत्रा खरखरीत, थरथरता लागला, तर ती तुमच्या मीटरमधून आलेली वीज आहे. शिवाय कूलरच्या आजूबाजूला सगळं ओलं असतं, तिथे स्टॅटिक टिकतच नाही.

आता 'हलका करंट'. ह्या शब्दाने माणसं मरतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, चार्ल्स डाल्झील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९४० च्या दशकात स्वतःहून तयार झालेल्या माणसांच्या हातात तांब्याची तार देऊन, करंट हळूहळू वाढवत, कुठल्या आकड्यावर मूठ उघडता येत नाही हे मोजलं. १३४ पुरुष होते आणि २८ स्त्रिया. झिणझिण्या कळतात त्या साधारण १ मिलिअँपिअरला, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागाला. मूठ सुटेनाशी होते ती पुरुषांची सरासरी १६ ला आणि स्त्रियांची साडेदहाला. हजारातल्या पाच जणांचा हात तर पुरुषांत ९ आणि स्त्रियांत ६ मिलिअँपिअरलाच अडकतो. हे आकडे तिकडच्या ६० हर्ट्झचे, पण आपल्या ५० हर्ट्झलाही हिशोब जवळपास तोच. म्हणजे 'मुंग्या आल्या' आणि 'हात सुटला नाही' ह्यांच्यात फक्त दहापट अंतर आहे.

हे दहापट अंतर कापायला कूलरमध्ये काही बिघडावं लागत नाही. तुम्ही चप्पल काढली की पुरे. कोरडा हात, पायात रबरी चप्पल, कोरडी फरशी, तर अंगातून जाणारा करंट एखाददुसरा मिलिअँपिअर. तोच कूलर, तोच बिघाड, पण हात ओला, पाय उघडे आणि खाली कूलरचंच सांडलेलं पाणी, तर अंगाचा विरोध हजार-दोन हजार ओहमवर येतो. २३० भागिले २००० करा, ११५ मिलिअँपिअर होतात. गळती तेवढी देऊ शकत असेल तर ती देणार. काल करंट हलका लागला तो तुमच्या पायातल्या चपलेमुळे, त्यावरून कूलरमधला बिघाड हलका ठरत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरला चिकटून माणसं जातात आणि त्यातली कितीतरी पाणी भरताना जातात. महावितरण दरवर्षी सांगतं की प्लग काढा आणि मगच पाणी भरा. त्यामागे हाच हिशोब आहे.

इथे एक अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. कॉम्प्युटर, नवी वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह ह्यांच्या आत वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) व न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर नुसत्या त्यांच्यामुळे बॉडीवर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसू शकतात आणि बारीक झिणझिण्या येतात. त्यातून सहसा १ मिलिअँपिअरच्या आतच करंट जातो, तेवढ्याने माणूस मरत नाही. पण झिणझिण्या आल्या म्हणजे त्या घराचं अर्थिंग गेलेलं आहे. उद्या त्याच मशीनची मोटर गळायला लागली तर तो करंट न्यायला वाट उरलेली नाही.

आता पिन. भाऊजींनी पिन कापल्यावर करंट थांबला, हे खोटं नाही. म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे, लोकांना तो लागू पडताना दिसतो.

मी ताईला फोनवरच विचारलं, "करंट दिवसभर लागायचा का?"

"नाही रे, सकाळीच. नळ आले की. मी पाइप लावून कूलर भरते ना, ओल्या हाताला लागत असेल."

"नळ आले की पंप लावतेस?"

"लावते ना. त्याशिवाय वर पाणी चढत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्यात होतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ ह्यांच्यात मीटर लावला. अर्थिंग नीट असेल तर तिथे शून्य ते चार-पाच व्होल्ट दिसायला हवेत. पंप बंद असताना काटा नसलेल्या माझ्या मीटरवर तिशीच्या आसपास आकडा हलत होता, म्हणजे अर्थची तार कुठेच टेकलेली नव्हती. पंप चालू केला आणि आकडा एकशे साठच्या वर गेला. कूलर तेव्हा भिंतीपासून वेगळा, प्लग काढून ठेवलेला होता. त्याचा ह्यात काही संबंधच नव्हता.

घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटमधली अर्थची तार पुढे जाऊन एकाच हिरव्या तारेला मिळते. ती जमिनीत उतरलेली असेल तर एखाद्या यंत्राची गळती तिच्यातून निघून जाते. ती मध्येच तुटलेली असेल तर तीच तार ह्या यंत्राचा करंट त्या यंत्राच्या पत्र्यावर नेऊन पोहोचवते. पंपाचं वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, ओल लागून खराब झालं होतं, त्याचा करंट हिरव्या तारेने फिरून कूलरवर येत होता. पिन कापली आणि कूलर त्या तारेपासून सुटला, म्हणून ताईला बरं वाटलं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन मात्र तारेवरच होते. ताईचा नातू चार वर्षांचा आहे, दिवसभर अनवाणी फिरतो आणि फ्रिजच्या बाजूला चिकटून उभा राहतो, गार लागतं म्हणून.

ही मोठी पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते ते एकदा प्लग हातात घेऊन बघा. लांब असते म्हणून प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जातो आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटतो. जाड असते ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊ नये म्हणून. पत्र्याच्या कूलरची ती पिन कापली की घराचं अर्थिंग उद्या कितीही सुधारलं तरी त्या कूलरला त्याचा उपयोग नाही. त्याची स्वतःची पाण्यातली मोटर गळायला लागेल तेव्हा सगळा करंट पत्र्यावरच बसून राहील.

बिघाड कुठल्या यंत्रात आहे ते शोधायला घरचा माणूस एवढं करू शकतो: करंट लागतो तेव्हा घरात काय काय चालू असतं ते लिहून ठेवा. मग पायात चप्पल घालून एकेक प्लग पूर्ण उपसून काढा. बटण बंद करून भागत नाही, कारण बटण एकच तार तोडतं, अर्थची तार जोडलेलीच राहते. वायरिंग उलटसुलट झालं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज आत तसाच राहतो. ज्याचा प्लग काढल्यावर बाकी सगळ्यांचा करंट गेला, ते यंत्र बाजूला ठेवा. आणि तरीही वायरमनला बोलवा, कारण अर्थची तार तुटलेली आहे हे ह्यातून सुधारत नाही. दिव्याने फेज-अर्थ तपासायचं काम त्याच्यावरच सोडा. तार तुटलेली असताना तो दिवा लावला तर दिव्यातून आलेला फेज घरभरच्या पत्र्यांवर जातो.

न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडण्याचा सल्ला ज्याने लिहिला त्याला हे काम कोणी शिकवलं, मला समजत नाही. सॉकेट उघडलं की काळ्या तारेचा बोटभर तुकडा दोन टर्मिनलांमध्ये पिळून बसवलेला मी कितीदा बघितला आहे, आणि दरवेळी घरमालक म्हणतो, पण टेस्ट लॅम्प तर फुल पेटतो. पेटणारच, तो न्यूट्रलवर पेटतो आहे. आता समजा वादळात खांबावरची सर्व्हिस वायर हलली आणि तुमचा न्यूट्रल निसटला. घरातला एखादा पंखा, एखादा बल्ब चालू आहे. फेज त्याच्यातून येऊन न्यूट्रलच्या तारेवर उभा राहतो, त्याला परतीची वाट नाही. मधल्या तुकड्यातून तो सरळ फ्रिजच्या दारावर येतो. घरातलं एकही यंत्र बिघडलेलं नाही आणि सगळ्या पत्र्यांवर २३० व्होल्ट आहेत. खांबावर दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तर मध्ये पंखासुद्धा नाही, सरळ फेज पत्र्यावर. त्या तुकड्यामुळे आरसीसीबीही आंधळा होतो. पत्र्यावर आलेला करंट न्यूट्रलमधूनच परत जातो, गेलेलं आणि आलेलं सारखंच भरतं, त्याला गळती झाल्याचं कळत नाही. ज्यांच्या घरात हा तुकडा आहे त्यांनी पुढचं वाचण्याआधी मेन बंद करून वायरमनला फोन करावा.

एमसीबी आहे म्हणून आरसीसीबी नको, असं म्हणणाऱ्याने एमसीबीवरचा आकडा वाचावा. १६ अँपिअर लिहिलेलं असतं. माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाहून कमी करंट पुरतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे. अर्थिंग ५० ओहमचं असेल, आणि आपल्याकडे असतं, तर फेज बॉडीला पूर्ण टेकला तरी ४.६ अँपिअरच वाहतील. १६ चा एमसीबी हलणार नाही आणि पत्रा जवळपास पूर्ण व्होल्टेजवर राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो आणि फरक ३० चा झाला की ०.३ सेकंदाच्या आत मेन तोडतो. फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. शॉक तुम्हाला लागतो, पण हात सुटतो. अशा घरगुती उपकरणाचा अमेरिकेतला पहिला अवतार १९६१ साली त्याच डाल्झील ह्यांनी काढला. मूठ का सुटत नाही ते त्यांनी स्वतः मोजलं होतं.

मिठाचं म्हणाल तर खड्ड्यात मीठ-कोळशाचे थर घालायची पद्धत जुनी आहे, ती खोटी नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते, म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी ओतत राहावं, हेही खरं. पण मीठ वाहून जातं आणि जाता जाता खड्ड्यातला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खातं. आणि ताईच्या घरी खड्ड्यात समुद्र ओतला असता तरी उपयोग नव्हता. तीन वर्षांपूर्वी मागच्या अंगणात फरशी बसवली तेव्हा गवंड्याने अर्थिंगच्या खड्ड्यावरचं चेंबर बुजवलं आणि बोर्डाकडे येणारी तार तिथेच तुटली. फरशीचे दोन तुकडे उचलल्यावर तिचं हिरवं पडलेलं टोक सिमेंटमध्ये सापडलं.

टेस्टरचं दोन वाक्यांत. आतला निऑन साठ-सत्तर व्होल्टच्या खाली पेटतच नाही, उजेडात पेटलेला दिसत नाही, आणि तुम्ही लाकडी स्टुलावर उभे असाल तर आणखीच मंद होतो. न पेटलेल्या टेस्टरवर विसंबून पत्र्याला हात लावू नका.

त्या दिवशी मी नवी तांब्याची तार ओढून खड्ड्याला जोडली, कूलरला नवा प्लग बसवला, मेनला आरसीसीबी लावला आणि मग पंपाचं बटण दाबलं. त्याच क्षणी अख्खं घर बंद झालं. भाऊजी म्हणाले, "हे नवीन आणलंस ते खराब दिसतंय, सारखं पडलं तर काढून टाकू." मी पंपाचा प्लग उपसला आणि आरसीसीबी परत वर केला. तो राहिला. पुन्हा प्लग घातला, बटण दाबलं, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा ते भाऊजींच्या हातून करवून घेतलं.

पंप वाइंडिंगच्या दुकानात आहे. तोवर ताई खालच्या नळावर बादल्या भरते आणि भाऊजी त्या वर नेतात.