जॅकेटचं बक्कल लागतं का, एवढंच विचारलं होतं तिनं

सकाळपासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही, म्हणून लिहिते.

मुलाच्या कॉलेजची सहल ऋषिकेशला चालली आहे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल कार्यक्रम आला, त्यात शिवपुरीहून गंगेत राफ्टिंग, म्हणजे रबरी नावेतून उसळत्या पाण्यात उतरणं. आज सकाळी एका आईनं साधी विचारणा केली. लाइफ जॅकेट मुलींच्या मापाची असतात का, बक्कलं कोण तपासतं, सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला ओढून काढणारी छोटी नाव, असते का. बस, इतकंच. त्यावर काय उत्तरं यावीत? "काही नाही होत बाप्पा." "मॅडम, मग मुलीला फुटाळा तलावावरच फिरवून आणा." आणि खाली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. अर्ध्या तासानं पाहिलं तर तिनं स्वतःचा मेसेज डिलीट केलेला.

माझ्या मैत्रिणींनो, तो डिलीट केलेला मेसेज माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण माझ्या ताईनंही नेमकं तेच विचारलं होतं, आणि तिलाही असंच गप्प केलं होतं.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. नागपूरच्या महाल भागात राहते, कधी कोणापुढे आवाज चढवत नाही. आम्ही दोन्ही घरं मिळून ऋषिकेशलाच गेलो होतो, मे महिन्यात, नागपूरच्या उन्हातून सुटका म्हणून. शिवपुरीच्या काठावर जॅकेटांचा ढीग पडलेला, त्यातलं जे हाताला लागेल ते घ्यायचं. ताईच्या वाट्याला जे आलं ते तिच्यापेक्षा दुप्पट अंगाच्या माणसाचं होतं आणि त्याचं मधलं बक्कल तुटलेलं. ती म्हणाली, "हे लागत नाहीये हो, दुसरं द्या." मीही म्हटलं, दुसरं द्या. तिथल्या पोरानं खिशातून सुतळी काढली, बक्कलाच्या जागी बांधली आणि म्हणाला, "आंटी जी, कुछ नहीं होगा." ताई म्हणाली, मग मी नाही बसत, मी जीपनं खाली येते. तेवढ्यात भाऊजी वैतागले. "चाल ना आता, सगळ्यांसमोर तमाशा कायले करतं!"

बसली बिचारी.

आता ज्यांना वाटतं की जॅकेट घातलं की माणूस बुडतच नाही, त्यांच्यासाठी सांगते. रॅपिडमध्ये, म्हणजे नदी खडकांवरून उसळत धावते तिथं, जे पांढरं पाणी दिसतं ना, ते निम्मं हवेनं भरलेलं असतं, फेस असतो तो. शांत पाण्यात जॅकेट जेवढं उचलून धरतं तेवढं फेसात धरत नाही. चांगलं, मापाचं जॅकेट घातलेला माणूससुद्धा खाली जातो आणि मग वर येतो. ढिलं जॅकेट असेल तर जॅकेट वर येतं, माणूस खालीच राहतो. म्हणून जॅकेट घातल्यावर कोणीतरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून पाहायला पाहिजे. हनुवटीला लागलं की ढिलं. पाच सेकंदांचं काम आहे हे! आणि पाणी म्हणजे आपल्या अंबाझरी तलावाचं नाही. अलकनंदा आणि भागीरथी देवप्रयागला मिळतात आणि तिथून गंगा होते, दोघींचं बर्फाचं पाणी, बाहेर ऊन तापलेलं असलं तरी पडताक्षणी छातीत श्वास अडकतो. तोंड उघडतंच, आणि तेव्हा ते पाण्याबाहेर असायला लागतं.

आमचा राफ्ट गोल्फ कोर्स नावाच्या रॅपिडमध्ये आडवा झाला. लाट बाजूनं बसली आणि उलटला. मी बाहेरच्या बाजूला फेकली गेले, राफ्टची दोरी हाताला लागली. ताई दिसेना. मग दिसलं ते फक्त नारिंगी जॅकेट, आणि त्यातून सरळ वर आलेले दोन हात. डोकं नाही. जॅकेट वर सरकून तिच्या तोंडावर बसलं होतं आणि ती त्याच्या खाली लटकलेली. हे किती वेळ चाललं ते मला विचारू नका. दुसऱ्याच कुठल्यातरी ग्रुपसोबत असलेल्या कयाकवाल्या मुलानं तिला ओढलं. आमच्यासोबत कयाक नव्हताच. रेतीवर आणल्यावर ती सुतळीची गाठ कोणाच्यानं सुटेना. भिजून, ताणून दगडासारखी झालेली, आणि सरकत सरकत गळ्यापाशी आलेली. त्या मुलानं चाकूनं कापली. गळ्यावरचा वळ पुढं बरेच दिवस होता.

हो, मान्य आहे, रोज कितीतरी लोक तिथून हसत-खेळत उतरतात. त्या गाइड पोरांचंही वाईट वाटतं, सीझनमध्ये एकामागून एक फेऱ्या मारायला लावतात त्यांना. पण म्हणून काय विचारायचंही नाही? २०१८ मध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टानं सरकारला सांगितलं होतं की नियम करा, तोवर राफ्टिंग बंद ठेवा. ते न्यायाधीशही घाबरट होते का? त्यांनाही फुटाळ्यावर पाठवता का?

आणि नागपूरकरांनी तरी हसू नये हो. २०१७ च्या जुलैत वेणा धरणात नाव उलटली तेव्हा आपलीच पोरं गेली. नावेतून फेसबुक लाइव्ह चालू होतं. त्या आठवड्यात याच फेसबुकवर आपण सगळ्यांनी हात जोडलेले फोटो टाकले होते, "पालकांनी लक्ष द्यावं" म्हणून उपदेश केले होते. आता एका पालकानं लक्ष दिलं तर तिची टिंगल!

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? नदीचा नाही. त्या सुतळीवाल्या पोराचाही आता तेवढा नाही. राग येतो तो "तमाशा करू नको"चा. आपल्याकडं बाईनं भीती बोलून दाखवली की ती नखरे करते, मुलानं दाखवली की तो बायल्या. मग तो मुकाट्यानं बसतो. राफ्टमध्ये घाबरून बसलेला माणूस वल्हंही धड मारत नाही, पाय आत अडकवायचे तेही विसरतो, म्हणजे त्याला ढकलून बसवल्यानं बाकीच्यांचाही धोका वाढतो. एवढी साधी गोष्ट भाऊजींना कळली नाही, आणि आजच्या त्या शिकल्या-सवरल्या ग्रुपलाही कळत नाही.

भाऊजी तर पुढं लग्नाकार्यात हा किस्सा रंगवून सांगायचे. "बाईसाहेबांनी डोक्यावरून गंगास्नान केलं." लोक हसायचे. ताई ताटं वाढत असायची. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, भाऊजी, पुन्हा हे सांगाल तर मी ती सुतळी आणून तुमच्या ताटात ठेवीन. कापलेले तुकडे आहेत माझ्याकडं, मी उचलून आणले होते. तेव्हापासून बंद झालं. माणूस वाईट नाही, तिच्या तापात रात्र-रात्र जागणारा आहे, हेही खरं. पण त्या दिवशी त्यांना चार लोक काय म्हणतील याची जास्त काळजी होती.

ताई अजून डोक्यावरून तांब्या ओतत नाही. केस धुवायचे तर वाकून, तोंड खाली करून, हळूहळू धुते. विचारलं तर म्हणते, सवय झाली गं.

माझा मुलगा जाणार आहे सहलीला. जाऊ दे, वय आहे त्याचं, नदी पाहावी, घाबरावं, ओरडावं, मॅगी पॉइंटला थांबून मॅगी खावी. मी ग्रुपवर माझ्या नावानं तेच तीन प्रश्न पुन्हा टाकले आहेत आणि मी ते डिलीट करणार नाही. संध्याकाळी त्याला समोर बसवून सांगितलं, बक्कल लागलं नाही तर राफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही, पैसे गेले तर गेले. आणि सोबतचं कोणी नको म्हणत असेल तर त्याच्याजवळ थांबायचं, एकटं सोडायचं नाही. तो म्हणाला, "आई, मग सगळे हसतील ना."

म्हटलं, हसू दे. दोघं मिळून जीप करा आणि खाली या, जीपचे पैसे मी देते.