काऊचा घास, चिऊचा घास आणि एक सेव

इंदुरात सकाळी आठला कुठल्याही मराठी घरात जा. पोह्यांवर सेव आणि जिरावण मसाला पडलेला असतो, आणि मांडीवरच्या नऊ महिन्यांच्या बाळाकडे बघत कोणीतरी काका म्हणत असतात, "अरे, एक सेव चाखव की त्याला, काय होतंय!"

काय होतं ते सांगत बसणं हा सध्या माझा जोडधंदा आहे. सेवेत मीठ-तिखट सढळ, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या जेवणात वरून मीठ-साखर घालायचीच नसते. काका समजूतदार. "बरं, मग मध चाटव." मध तर त्याहून वाईट! त्यात बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजतात. म्हणून वर्षापर्यंत बोटभरही नाही. "आम्ही सगळे मधावरच वाढलो," काका म्हणतात. यावर काय बोलणार? पुरावा समोर धडधाकट बसून पोहे परत घेत असतो.

उष्टावणाला चांदीच्या वाटीबरोबर फोटो निघतो, पाहुणे जातात, आणि खरी कसोटी उरते. सहा महिने पूर्ण झाले की अंगावरचं दूध चालू ठेवून दिवसातून दोन-तीनदा, एका वेळी दोन-तीन मोठे चमचे. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, अडीचशे मिलीच्या वाटीने अर्धी वाटी. पहिले काही दिवस जीभ घास बाहेरच ढकलते. ती सवय आहे, नापसंती नव्हे. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा पुढे करावा लागतो, तेव्हा कुठे स्वारी राजी होते.

वरणाच्या पाण्याबद्दल माझं मत कडक आहे. डाळ तळाशी बसते. वरचं पिवळं पाणी बाळाला, आणि खालची डाळ फोडणी देऊन आपल्याला. याला बाळाचं जेवण म्हणतात!

त्यापेक्षा खिमट. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजायचं आणि चिमूटभर जिरं घालून रवाळ दळायचं. दोन मोठे चमचे पिठी वाटीभर गार पाण्यात कालवून मगच गॅसवर ठेवायची. घाईने उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या झाल्याच: बाहेरून पीठ शिजून कवच धरतं, आत कोरडंच राहतं. अशी एकच गुठळी राहिली तरी बाळ ती जिभेने बरोब्बर शोधतं आणि आपल्या शर्टावर साभार परत करतं. गार होताना खिमट आळतं, म्हणून जरा सैल असतानाच उतरवावं. चमचा तिरका केला तर हळूच घसरावं, धार लागू नये. वरून छोटा चमचा तूप, म्हणजे सुमारे ४० कॅलरी.

तूप का, तर पोट लहान, थोड्या घासांत जास्त कॅलरी जायला हव्यात. किलोमागे साधारण ३० मिली धरा. आठ किलोच्या बाळाचं पोट २४० मिलीचं, म्हणजे जेमतेम एक वाटी. त्यात एक घास काऊचा, एक चिऊचा, मग मामाचा, आत्याचा, ग्वाल्हेरच्या मावशीचा. वंशावळ संपत नाही, वाटी संपते, आणि आजीचा शेरा ठरलेला: "काही म्हणजे काही खाल्लं नाही हो लेकराने!" लेकराने तोंड फिरवलेलं असतं, ओठ मिटलेले असतात, चमच्याला फटका मारलेला असतो. पोट भरल्याचं यापेक्षा स्पष्ट कोणत्या भाषेत सांगायचं त्याने? मोबाईल समोर धरला तर आणखी सहा चमचे जातात खरे, पण ते मोबाईल खातो, बाळ नाही.

पहिला वाढदिवस झाला की आजीची काळजी दुप्पट होते. पहिल्या वर्षात तीन किलोचं बाळ नऊ किलोचं होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. हे मी वजनाचा तक्ता उघडून दाखवतो. आजी तक्ता बघतात आणि दृष्ट काढायला उठतात.

आमचं बाळ मात्र अजून नवव्या महिन्यात आहे, आणि याच सुमारास अंगठा आणि तर्जनी जुळून बारीक वस्तू चिमटीत येऊ लागते. विकासातला मोठा टप्पा. तिच्या सरावासाठी मी ताटलीत मऊ शिजवलेल्या गाजराचे तुकडे मांडतो. बाळ त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. रांगत सतरंजीच्या कडेला जातं, सकाळी काकांच्या ताटलीतून सांडलेली एकुलती एक सेव हेरतं आणि दोन बोटांत अलगद उचलतं. ती सोडवायला मला दहाही बोटं लागतात.