सिक्वेल मागण्याआधी एकही एपिसोड पाहू नका

तुमच्या आवडत्या विनोदी मालिकेतल्या एका बाजूच्या पात्राला कधीकाळी स्वतःची मालिका मिळाली होती. दोन सीझन चालली, गाशा गुंडाळला, आणि आता तिचा सिक्वेल यावा की येऊ नये यावरून चाहत्यांची जुंपली आहे. तुम्हीही बाह्या सरसावून उतरायच्या बेतात आहात. जरूर उतरा. फक्त काही पथ्यं पाळलीत तर हा वाद तुम्हाला पुढची दहा वर्षं सहज पुरेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती मालिका पुन्हा पाहायला बसू नका. पाहिली की घोटाळा होतो. ज्या प्रसंगाच्या नुसत्या आठवणीने तुम्ही पोट धरून हसता तो प्रत्यक्षात पाऊण मिनिटाचा निघतो, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे वीस मिनिटं कुणाच्या तरी मेव्हणीचं लग्न मोडतं आणि जुळतं. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस वादात निकामी होतो. तो ‘तसं बघायला गेलं तर...’ अशी सुरुवात करू लागतो, आणि एकदा का हे चार शब्द तोंडातून गेले की समोरचा तुम्हाला फाडून खातो. चार क्लिपा पाठ असू द्या. एका क्लिपेत पात्र दारात अडकतं, दुसऱ्यात पडतं, तिसऱ्यात आपला ठरलेला डायलॉग मारतं, चौथ्यात रडतं. रडण्याची क्लिप विसरू नका, ‘मालिकेला खोली होती’ हे सिद्ध करायला तीच कामाला येते.

मग बाजू निवडायची. बाजू दोनच आहेत, हवाच आणि नकोच. ‘कथा चांगली असेल तर हवा’ असं म्हणणारे लोकही असतात. बिचारे सज्जन असतात, त्यांना कुणी उत्तरसुद्धा देत नाही.

‘हवाच’मध्ये गेलात तर पहिल्याच वाक्यात ‘अन्याय’ हा शब्द आला पाहिजे. मालिका पडली नव्हती, पाडली गेली. कुणी पाडली? चॅनेलने. कशी? वेळ बदलून. हा मुद्दा बिनधास्त वापरा, कारण तो अधूनमधून खराही असतो. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची ‘मॅश’ १९८३ साली संपली आणि त्याच वर्षी तिच्यातली तीन पात्रं घेऊन सीबीएस या अमेरिकी चॅनेलने ‘आफ्टरमॅश’ काढली. पहिल्या सीझनला प्रेक्षक बऱ्यापैकी मिळाले. दुसऱ्या सीझनला चॅनेलने तिला उचलून मंगळवारी, थेट दुसऱ्या चॅनेलवरच्या लोकप्रिय ‘द ए-टीम’च्या समोर नेऊन बसवलं. झालं, आटोपली. आता एखादा खवचट विचारेल की युद्ध संपल्यावर, मायदेशातल्या साध्या इस्पितळात, त्या तिघांवर हसण्यासारखं राहिलं तरी काय होतं? प्रश्न रास्त आहे, म्हणूनच तो ऐकू न आल्यासारखं करा आणि पुन्हा वेळेवर या.

‘नकोच’वाल्यांचं काम त्या मानाने सोपं. त्यांच्या भात्यात एकच बाण असतो आणि त्याचं नाव ‘जोई’, म्हणजे ‘फ्रेंड्स’मधल्या जोईला मिळालेली स्वतःची मालिका. ‘फ्रेंड्स’ मे २००४ मध्ये संपली आणि सप्टेंबरात एनबीसीने जोईला लॉस एंजेलिसला धाडून त्याच गुरुवारच्या त्याच वेळेला उभा केला. दोन सीझन बनले, ४६ भाग. शेवटचे आठ तर अमेरिकेत त्या चॅनेलने दाखवलेच नाहीत. इथे ‘हवाच’वाला तत्काळ ‘चीअर्स’ मालिकेतल्या पात्राची ‘फ्रेझर’ काढतो: ११ सीझन, २६४ भाग, ३७ एमी पुरस्कार. ‘जोई’ला ‘फ्रेझर’, ‘फ्रेझर’ला ‘जोई’, हे बुद्धिबळातल्या पहिल्या चालींसारखं ठरलेलं आहे, कुणी विचार करत नाही, नुसती प्यादी सरकवतात. गंमत म्हणजे दोन्ही मालिका एकाच चॅनेलच्या. ‘फ्रेझर’ने मे २००४ मध्ये निरोप घेतला आणि चार महिन्यांत ‘जोई’ हजर झाला. म्हणजे बाजूच्या पात्राचं सोनं कसं करायचं याचा अकरा वर्षांचा अनुभव त्याच इमारतीत पडून होता.

तो अनुभव नेमका काय होता, यात मात्र शिरू नका. मी सांगतो, पण वाचून विसरून जा.

‘चीअर्स’मधला फ्रेझर क्रेन हा बारमध्ये येणारा शिष्ट मानसोपचारतज्ज्ञ. १९८४ मध्ये थोड्या भागांपुरता म्हणून आला आणि मालिका संपेपर्यंत टिकला. बियर पिणाऱ्या साध्यासुध्या लोकांत हा एकटाच ऑपेरावर बोलणारा, म्हणून हसू यायचं. १९९३ मध्ये त्याला स्वतःची मालिका मिळाली तेव्हा चाहत्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय मागितलं असतं? तोच बार, तीच बियर, तोच ऑपेरा, फक्त फ्रेझर तिप्पट. लेखकांनी उलटं केलं. बार काढून टाकला, शहर बदललं, माणसं बदलली. त्याला दिला एक धाकटा भाऊ, जो याच्यापेक्षा शिष्ट, इतका की त्याच्या शेजारी फ्रेझर चक्क समंजस दिसावा. आणि दिले एक वडील, निवृत्त पोलीस, बियरवाले. बारमध्ये जे सगळे मिळून करायचे ते आता म्हातारा एकटा घरबसल्या करू लागला.

पहिल्याच भागात त्या वडिलांची खुर्ची घरात येते. फ्रेझरचा दिवाणखाना म्हणजे नामांकित डिझायनरांचं फर्निचर, निवडून निवडून मांडलेलं, आणि त्याच्या बरोब्बर मध्यभागी ती कळकट, जागोजागी चिकटपट्टी मारलेली आरामखुर्ची. कुणी विनोद सांगत नाही, खुर्ची नुसती ठेवली जाते आणि माणूस हसतो. पुढची अकरा वर्षं ती तिथेच होती आणि प्रत्येक प्रसंगात काम करत होती. मला विचाराल तर त्या मालिकेचा खरा सहनायक ती खुर्चीच.

आता त्या वेळी तुम्ही असतात तर? तर ही मालिका तुम्ही होऊ दिली नसती, आणि तेही पुराव्यानिशी. कारण ‘चीअर्स’मध्ये फ्रेझरने स्पष्ट सांगितलं होतं की आपले वडील शास्त्रज्ञ होते आणि ते वारले. वारलेला शास्त्रज्ञ नव्या मालिकेत जिवंत पोलीस म्हणून काठी टेकत फिरतोय! आजच्या चाहत्याने एवढ्यावर लेखकांना रस्त्यावर आणलं असतं. पुढे १९९५ मध्ये बारवाला सॅम पाहुणा म्हणून आला आणि त्याने हेच विचारलं. फ्रेझरने सांगून टाकलं की तेव्हा वडिलांशी भांडण झालं होतं, रागाच्या भरात बोललो. एका वाक्यात विषय संपला, वर हशाही मिळाला. असली उत्तरं चाहत्यांना मुळीच परवडत नाहीत. पाच वर्षं चघळायला ठेवलेला मुद्दा लेखकाने फुंकर मारून उडवायचा म्हणजे काय!

तेव्हा कॅननचं, म्हणजे आधीच्या मालिकेत जे सांगितलं तेच खरं मानायच्या हट्टाचं, भूत मानगुटीवर घट्ट बसू द्या. ‘द बिग बँग थिअरी’मध्ये शेल्डनने सांगितलं होतं की लहानपणी त्याने वडिलांना परक्या बाईबरोबर पाहिलं होतं. नंतर त्याच्या बालपणावरची ‘यंग शेल्डन’ आली, २०१७ ते २०२४, सात सीझन, आणि तिच्यातले वडील निघाले भलते लाघवी. लोक त्यांच्या प्रेमात पडले आणि धास्तावून बसले, आता हा माणूस घसरणार कधी? लेखकांनी तोडगा काय काढला? ती परकी बाई म्हणजे शेल्डनची आईच, टोप घालून जर्मन हेल्गा बनलेली, नवराबायकोचा खाजगी खेळ, आणि पोराने दार उघडलं चुकीच्या वेळी. यावर काय बोलायचं? दोन्ही बोला. ‘किती हुशारीने सोडवलं’ हे मित्रांत, आणि ‘पळवाट काढली’ हे इतरांत.

सिक्वेलमध्ये काय हवं, असं कुणी विचारलंच तर यादी तयार ठेवा. सगळे जुने कलाकार हवेत. तेच घर, तोच सोफा, तीच शीर्षकधून हवी. ठरलेला डायलॉग पहिल्या पाच मिनिटांत हवा, पण ओढूनताणून आणल्यासारखा वाटता कामा नये. पात्रं बदललेली नकोत, मात्र त्यांची वाढ झालेली हवी. आणि मुख्य म्हणजे काहीतरी नवीन हवं. या यादीतल्या कलमांचं एकमेकांशी पटत नाही, हे लेखकांनी बघून घ्यावं, त्याचेच पैसे घेतात ते.

पैशांवरून आठवलं. सिक्वेल, स्पिन-ऑफ (एका मालिकेतून फुटून निघालेली दुसरी मालिका) कशाने होतात आणि कशाने बंद पडतात याची माहिती काढत बसू नका, उत्साहावर पाणी पडतं. तुम्ही कलेवर, वारशावर, पात्राच्या आत्म्यावर बोलत असता आणि खाली निघतो करारातला एक परिच्छेद. ‘थ्रीज कंपनी’मधले घरमालक रोपर घ्या. १९७९ मध्ये नवराबायकोला स्वतःची मालिका द्यायचं ठरलं तेव्हा नॉर्मन फेल हा अभिनेता तयारच नव्हता. चालत्या मालिकेतली पक्की जागा सोडून जायचं कशाला? शेवटी त्याला शब्द मिळाला की नवी मालिका वर्षाच्या आत बंद पडली तर जुन्या घरी परत घेऊ. मालिकेने वर्ष पूर्ण केलं आणि मुदत उलटल्यावर लगेच बंद झाली. जुन्या घरी तोवर दुसरा घरमालक आलेला आणि लोकांना आवडलेला. जाणूनबुजून थांबले, असा फेलचा संशय कायम राहिला. विनोदी स्पिन-ऑफच्या इतिहासातला हा मला सगळ्यात विनोदी प्रसंग वाटतो, आणि तो पडद्यावर आलाच नाही.

त्यामानाने फ्लॉरेन्स नशीबवान. ‘द जेफरसन्स’ ही स्वतःच एक स्पिन-ऑफ, २५३ भाग चाललेली. तिच्यातल्या या तोंडाळ मोलकरणीला १९८१ मध्ये एका हॉटेलात नोकरी लावून ‘चेकिंग इन’ काढली. चार भागांत खेळ आटोपला. फ्लॉरेन्स जुन्या घरी परत आली आणि प्रेक्षकांना सांगण्यात आलं की ते हॉटेल जळून गेलं. काय स्वच्छ कारभार! त्या काळी फसलेलं हॉटेल जाळून मोकळे व्हायचे. आता त्याच हॉटेलच्या राखेतून सहा भागांची मर्यादित मालिका काढा म्हणून मागणी होते.

जुन्या कलाकारांच्या वयाचा विषय कुणी काढला तर तो असंवेदनशील आहे असं म्हणा आणि पुढे सरका. फ्रेझरला २०२३ मध्ये पुन्हा आणलं, या वेळी परत ‘चीअर्स’च्या बॉस्टनला. वडिलांचं काम करणारा जॉन महोनी २०१८ मध्ये गेलेला. भावाचं काम करणाऱ्या डेव्हिड हाइड पिअर्सने नम्रपणे नकार दिलेला. राहिला एकटा फ्रेझर, त्याचा मोठा झालेला मुलगा, पुतण्या, आणि नवे मित्र. दोन सीझन, वीस भाग, आणि जानेवारी २०२५ मध्ये पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंगवाल्यांनी हात झटकले. मालिका वाईट नव्हती, मी पाहिली, अधूनमधून हसलोही. पण ही घटना वादात जपून वापरायला हवी, कारण ती दोन्ही बाजूंना चालते. ‘नकोच’वाला म्हणतो, बघा, सांगितलं होतं. ‘हवाच’वाला म्हणतो, बघा, तिसरा सीझन द्यायला हवा होता. दोघेही तिच्यावर समाधानाने झोपतात.

आता समजा तुमच्या दुर्दैवाने सिक्वेलची घोषणा झालीच. घाबरू नका, फक्त चपळाईने बाजू बदला. ‘हवाच’वाल्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारायचं, ‘पण हे मागितलं कुणी होतं?’ ‘नकोच’वाल्यांनी मात्र पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला पाहायचं, नाहीतर नावं ठेवणार कशी? पहिल्या भागानंतर म्हणायचं, यांनी चाहत्यांचं काहीच ऐकलं नाही. चौथ्या भागानंतर म्हणायचं, यांनी चाहत्यांचंच ऐकलं, तिथेच वाट लागली. दोन्ही तक्रारी सरसकट लागू पडतात, त्यासाठी भाग पाहायची गरज नाही.

तरी पाहिलेतच, तर तिसऱ्या भागात मागे एक लिफ्टवाला दिसेल. अख्ख्या भागात त्याला तीन वाक्यं आहेत, तिन्ही एकाच थंड चेहऱ्याने म्हटलेली, आणि तिन्हींना तुम्ही खो खो हसाल. दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्याबद्दलच बोलत असतील. त्याच्या मालिकेची मागणी इतर कुणी करायच्या आत तुम्ही करा. लिफ्टवाल्याचं बालपण, लिफ्टवाल्याचं प्रेम, लिफ्टवाल्याचे लिफ्ट नसलेल्या इमारतीतले दिवस. चौथ्या वाक्याला तो हसवेल की नाही, हे कुणी विचारलंच तर वेळेवर या.