परदेशातला अपंगत्व भत्ता आणि आपली न सांगण्याची सवय

बडोद्यात आज असे मराठी घर क्वचितच सापडेल, की ज्यातले कोणी लेस्टर, लंडन, टोरांटो किंवा न्यू जर्सीला गेलेले नाही. जाण्यापूर्वी आपण नोकरी, घरभाडे, मुलांच्या शाळा यांची बारकाईने चौकशी करतो; मात्र घरात कोणी अपंग किंवा दीर्घकाळ आजारी असेल, तर त्या माणसाला तिथे कोणता आधार मिळेल आणि त्यासाठी काय दाखवावे लागेल, हा प्रश्न बहुधा आजार बळावल्यावरच विचारला जातो. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये स्थायिक असून तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार, आहे. तिच्या अर्जाच्या निमित्ताने बरेच वाचावे लागले, आणि त्यातून माझे ठाम मत झाले आहे की नियम कडक आहेत हे खरे असले, तरी आपल्या माणसांचे अर्ज त्याहून अधिक आपल्या सोसून गप्प राहण्याच्या वळणामुळे कमकुवत होतात.

आधी नियमांचे थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये १६ वर्षांवरील, निवृत्तिवयाच्या आतील व्यक्तीसाठी २०१३ पासून पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप, हा भत्ता आहे. त्यासाठी साधारणपणे मागील १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे त्या देशात वास्तव्य झालेले असावे लागते. शिवाय ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधी घेण्यास मनाई आहे, त्यांनी हा अर्ज करणे म्हणजे व्हिसाची अट मोडणे, आणि त्याचा पुढच्या अर्जांवर परिणाम होऊ शकतो. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला म्हणजे भत्त्याचाही हक्क आला, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो अधिभार केवळ उपचारांसाठी असतो. कॅनडात हिशेब निराळा: तिथल्या पेन्शन योजनेतून अपंगत्वाची रक्कम मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे मागील सहा वर्षांपैकी चार वर्षे वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणजे एके ठिकाणी वास्तव्य मोजतात, दुसरीकडे वर्गणी.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व नोंदलेले आहे आणि बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा आहे. त्यामुळे बडोद्यातून काढलेले प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, फाइलमध्ये लावले, की काम झाले असे आपल्याला वाटते. पिप ठरवणाऱ्यांना या टक्क्यांशी कर्तव्य नसते. ते दैनंदिन जीवनातल्या दहा आणि हालचालीच्या दोन कामांबद्दल विचारतात, आणि अडचण किती मोठी आहे ते पाहून प्रत्येक उत्तराला गुण देतात. त्या त्या विभागात ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वाढीव. काम करता येते याचा अर्थही नियमात स्पष्ट आहे: सुरक्षितपणे, चांगल्या प्रकारे, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळात. त्रास निम्म्याहून अधिक दिवस होत असेल, तरच तो धरला जातो.

माझ्या बहिणीने स्वयंपाकाच्या प्रश्नापुढे प्रथम लिहिले होते, की मी रोज जेवण बनवते. फोनवर मी तिला विचारले, कुकर ओट्यावरून कोण उतरवतो? तो तिचा मुलगा उतरवतो. भाजी चिरताना बोटे बधिर होतात, मागच्या महिन्यात सुरी लागून अंगठा कापला होता, फोडणी देऊन झाली की बसावे लागते आणि दुपारी दुसऱ्यांदा गॅसपाशी उभे राहणे तिला शक्य होत नाही. यातले एक अक्षरही अर्जात नव्हते. 'ताई, एवढंसं काय लिहायचं, लोक काय म्हणतील,' हे तिचे उत्तर होते. प्रश्न फक्त एका माणसापुरता एक साधा पदार्थ ताज्या जिन्नसांतून शिजवण्याचा असतो; घरच्यांनी निम्मे काम उचलले, तर ती मदत म्हणून नोंदवायलाच हवी. आपल्या घरांत ही मदत इतकी गृहीत धरलेली असते, की ती मदत आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते, सुनेने किंवा मुलीने सगळे निभावून नेले पाहिजे या अपेक्षेचा यात मोठा वाटा आहे, आणि ते मला अतिशय खटकते.

हा भत्ता गरिबांसाठीच असतो हाही एक गैरसमज. पिप उत्पन्न पाहून दिला जात नाही, नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. अर्जानंतर होणाऱ्या तपासणीच्या मुलाखतीला सोबत कोणाला नेता येते, दुभाषाही मागता येतो. इंग्रजी उत्तम असले, तरी आपल्या दुखण्याबद्दल बोलताना माणूस मातृभाषेत अधिक खरे सांगतो, असा माझा अनुभव आहे. निर्णय पटला नाही, तर एका महिन्यात फेरविचार मागावा आणि तरीही पटला नाही, तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करावे.

ज्यांना भत्ता चालू आहे, त्यांनी बडोद्याला येण्यापूर्वी तारखा नीट पाहाव्यात. पिप तात्पुरत्या परदेशवास्तव्यात साधारण १३ आठवडे, आणि उपचारांसाठी गेल्यास २६ आठवड्यांपर्यंत चालू राहू शकतो. नवरात्रापासून लग्नसराई संपेपर्यंत राहायचे असेल, तर हा हिशेब सहज ओलांडला जातो. लांबच्या मुक्कामाचे भत्ता देणाऱ्या खात्याला निघण्यापूर्वी कळवावे, आणि इथे उपचार घेणार असाल, तर डॉक्टरांचे पत्र आधीच मागून ठेवावे.